उलटं शिकवलेलं गणित

स्नेहल भोईरने सख्ख्या भावाला मुद्दाम चुकीचं बीजगणित शिकवून नापास केलं, असं रोडपालीत आजही कोणालाही विचारा, सांगतील. बीजगणित कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही तेही सांगतील, आणि वर हळहळतील की पोरगी तशी गुणाची होती. मी आठवीपासून दहावीपर्यंत तिच्या शेजारी एकाच बाकावर बसले. तिचं गणित मला माहीत आहे आणि तिच्या घरचेही माहीत आहेत. म्हणून हे लिहायला घेतलं. गावाचं मत बदलेल अशी आशा नाही, पण हा आळ ऐकला की माझं डोकं फिरतं, ते जरा ठिकाणावर येईल.

मी अनुया, पनवेलच्या लाइन आळीतली. वडील मुंबईला सरकारी कचेरीत, आई घरी, आणि मुलींनी शिकायचं की नाही हा प्रश्नच आमच्याकडे कधी निघाला नाही. स्नेहल रोडपालीहून एसटीने यायची. तिचे वडील जगनकाका पूर्वी भात लावायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचे. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा त्यांच्या हातात एक दाखला आला. त्या दाखल्यावर घरातल्या एकाच माणसाला नोकरी लागायची, तीही दहावी पास असेल तर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो दाखला देवांच्या फोटोमागे ठेवलेला असे आणि सणासुदीला त्यालाही हळदकुंकू लागे. आई चंद्रावतीकाकू पनवेलच्या उरण नाक्याजवळ भाजी घेऊन बसायच्या. स्नेहलहून दोन वर्षांनी धाकटा केतन, घरातला एकुलता एक मुलगा. माशाचा मधला तुकडा त्याचा, खिडकीजवळची जागा त्याची, आणि दाखलाही त्याचाच, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

आमच्या वर्गात गृहपाठ करायची एक सर्वमान्य पद्धत होती. बीजगणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरं दिलेली असत. आधी मागचं पान उघडायचं, उत्तर बघायचं, मग वरच्या दोन ओळी बरोबर लिहायच्या, खालच्या दोन ओळी बरोबर लिहायच्या आणि मधे जे काय व्हायचं ते होऊ द्यायचं. सरांची नजर शेवटच्या ओळीवर असते हे आम्हाला चांगलं कळलं होतं. मी यात तरबेज होते. स्नेहलने मात्र पुस्तक हातात आलं त्याच दिवशी उत्तरांची पानं सुईदोऱ्याने शिवून टाकली. गोधडीला घालतात तसे धावते टाके, चारही बाजूंनी.

"मग उत्तर बरोबर आलं हे कळणार कसं?" मी विचारलं. शाळा भरायच्या आधी आम्ही तळ्याच्या काठावर बसून गृहपाठ उरकत असू, तेव्हाची गोष्ट.

"ताळा करायचा," ती म्हणाली. "आलेली किंमत परत समीकरणात घाल. दोन्ही बाजू सारख्या आल्या की झालं. पुस्तकाला कशाला विचारायचं?"

ती माझ्याशी असं शहरातलं बोलायची. घरी गेली की आमी, तुमी. दोन्ही तिला सारखंच यायचं.

दहावीला ती गणितात शाळेत पहिली आली. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने नाव लागलं. घरी काकूंनी एक नारळ फोडला आणि विषय संपला. मी कॉलेजात गेले. ती आईबरोबर उरण नाक्यावर भाजी विकायला बसायला लागली. "केतन दहावी होऊ दे, मग बघू" असं जगनकाकांनी सांगितलं होतं. कॉलेजहून येताना मी तिच्यापाशी थांबायची. वर्गात काय शिकवलं ते ती विचारायची आणि मी सांगायची, पण माझ्या सांगण्यात दम नसे, कारण मला स्वतःलाच फारसं कळलेलं नसे. ती मात्र भेंडीवर पाणी शिंपडता शिंपडता मन लावून ऐकायची.

नव्वद साली मार्चमध्ये केतन दहावीला बसला आणि गणितात गेला. बाकी सगळ्यात कसाबसा पास. निकालानंतर दोन दिवसांनी मी रोडपालीला गेले होते. येत्या वर्षी तरी अकरावीला नाव घाल, असं स्नेहलला सांगायला गेले होते. नेमकी त्याच वेळी दुसरी बातमी येऊन ठेपली होती. द्रोणागिरीच्या बाजूला एका कंपनीची गोदामं उभी राहत होती आणि तिथे दाखलेवाल्यांची भरती वर्षअखेरीला होणार होती. जगनकाका ओटीवर बसले होते. केतन भिंतीला टेकून नखं कुरतडत होता. स्नेहल आतून आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"बाबा, मी पास हाय. दाखल्यावर माजं नाव घाला."

काका आधी हसले. मग ती हसत नाही हे बघून थांबले. "तुजं? नि उद्या लगीन करून गेलीस का नोकरी पण त्यांच्याच घरी जाईल. जमीन आमची गेली नि पगार खाईल परका?"

"मग माजं लगीनच नका करू."

"असं अभद्र बोलू नये गो," चंद्रावतीकाकू आतून म्हणाल्या.

"ऑक्टोबरची परीक्षा हाय अजून," काका म्हणाले. "तू शिकव त्याला. तो पास झाला का तुला कॉलेजात घालतो. ही तुजी मैत्रीण बसलीय, हिच्यासमोर सांगतो."

अशी मी आयती साक्षीदार झाले. पास झालेल्या मुलीने नापास झालेल्याला पास करायचं, म्हणजे मग तिला पुढचं शिकता येईल आणि तिच्या हक्काची नोकरी त्याला मिळेल. इतका उफराटा सौदा मी जन्मात ऐकला नव्हता. पण पाहुणी म्हणून गेलेल्या मुलीने दुसऱ्याच्या ओटीवर बसून काय बोलायचं? मी चहा प्यायले. स्नेहलने मात्र लगेच हो म्हटलं. तिला कॉलेज दिसत होतं.

दुसऱ्याच दिवसापासून ती मागे लागली. आपलं जुनं पुस्तक तिने केतनला दिलं. त्याने पहिलं काम केलं ते ब्लेड घेऊन उत्तरांच्या पानांचे टाके उसवायचं. तिने परत शिवले. त्याने परत उसवले. पावसाळाभर हा उद्योग चालू होता, आणि त्या पानांच्या कडा पार चाळणीसारख्या झाल्या होत्या.

समीकरण म्हणजे काय, असं विचारलं की केतन पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणायचा आणि पुढे ठप्प. मग स्नेहलने आईची तागडी आणली. ओटीच्या वाशाला टांगली. निवडून निवडून सारखे कांदे घेतले. फडक्यात कांदे बांधून दोन पुरचुंड्या केल्या, दोन्हींत सारखेच. एका पारड्यात त्या दोन पुरचुंड्या आणि तीन सुटे कांदे, दुसऱ्यात अकरा कांदे. तागडी समतोल.

"पुरचुंडी म्हंजे एक्स," ती म्हणाली. "आत किती हायेत ते सोडायचं नाय. न सोडता ओळखायचं."

केतनने डोकं खाजवलं. इकडचे तीन काढले, तागडी कलंडली, तेव्हा तिकडचेही तीन काढले. आठ उरले. दोन पुरचुंड्यांत आठ, म्हणजे एकीत चार. त्याने पुरचुंडी सोडून मोजले आणि असा काही ओरडला की काकू आतून धावत आल्या. मी त्या दिवशी तिथे होते. दोन वर्षं शाळेत जे डोक्यावरून गेलं होतं ते एका दुपारी कांद्यांनी आत उतरवलं.

केतन मठ्ठ नव्हता. त्याने थोड्या वेळाने विचारलं, "ताई, उणे आठ असेल तर? उणे आठ कांदं पारड्यात ठेवू कसं?"

स्नेहलने पारड्यातले कांदे खाली काढले. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मग ती म्हणाली, "आठ कांदं कोनीतरी उचलून नेलंत असं समज. ते परत टाक. एकाच बाजूला टाकलंस तर कलंडेल, म्हनून दोनीकडं टाक."

"हात्तिच्या! मग सर 'पलीकडे नेलं का चिन्ह बदला' असं का बोंबलतात?"

ती मनापासून हसली. त्यानंतर तिला तशी हसताना मी पाहिलेली नाही.

शाब्दिक उदाहरणं आली की मात्र केतनचे हातपाय गळायचे. आगगाड्या, हौद, बापलेकांची वयं. कुठून सुरुवात करू हेच कळायचं नाही. म्हणून तिने त्याला एक सोपा नियम दिला, जो जगातला प्रत्येक गणिताचा मास्तर देतो. "जे विचारलंय त्याला एक्स मान. मग बाकीचं मांड. शेवटी ताळा कर." हे तो जेवतानाही पुटपुटायचा. काकू म्हणायच्या, पोर रामनाम घेतंय.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. पेपर देऊन केतन थेट उरण नाक्यावर आला. त्या वेळी मीही भाजीपाशी उभी होते. तो खुशीत होता. एकही उदाहरण सोडलं नाही, म्हणाला. वयाचंसुद्धा सोडवलं. स्नेहलने प्रश्नपत्रिका घेतली. वडिलांचं आजचं वय मुलाच्या तिप्पट आहे, आठ वर्षांपूर्वी ते मुलाच्या पाचपट होतं, तर वडिलांचं आजचं वय काढा.

"काय आलं?"

"बापाचं सोळा," केतन म्हणाला. "पोराचं अठ्ठेचाळीस."

शेजारी गवार विकणारी, त्यांच्याच गावातली गंगाबाई पदरात तोंड लपवून हसायला लागली. "अगो बाय, बापाच्या आधी पोरगा झाला गो!" आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. स्नेहल तेवढी हसली नाही.

"ताळा नाय केलास?"

"केला ना! जुळला."

आणि तो खरं सांगत होता. विचारलं होतं वडिलांचं वय, म्हणून त्याने नियमाप्रमाणे वडिलांना एक्स मानलं. मग तिप्पट करायची वेळ आली तेव्हा ती मुलाची केली आणि पाचपटही उलटीच लावली. पुढचं सगळं बिनचूक. चिन्हं बरोबर, पक्षांतर बरोबर. सोळा आले ते समीकरणात घातले तर दोन्ही बाजू चाळीस. मांडणीच उलटी झाली की ताळासुद्धा बिनबोभाट जुळतो. हे स्नेहलने त्याला सांगितलं नव्हतं, कारण बाप मुलापेक्षा लहान नसतो एवढं त्याला कळत असेल असं तिने धरलं होतं. पेपराच्या धास्तीत बरंच काही कळेनासं होतं. बाकीच्या शाब्दिक उदाहरणांतही त्याने असाच गोंधळ घातला होता.

निकाल लागला. केतन गणितात परत गेला आणि भरती हातची गेली. जगनकाकांनी त्याला ओटीवर उभा करून विचारलं, हिनं तुला शिकवलं तरी काय? हातात वेताची काठी होती. केतनने काठीकडे बघितलं आणि सांगितलं, "ताई बोलली, जे विचारलंय त्याला एक्स मान. मी तसंच केलं. तसं केलं म्हनून बाप ल्हान झाला."

बस्स. पुढचं काम गंगाबाईने केलं. पोरगीला नोकरी पायजे व्हती, ती कशाला भावाला पास करील? आपल्या नावानं दाखला मागितला व्हता तिनं, बापाच्या तोंडावर. गावाने हिशोब मांडला आणि गावाचा ताळा जुळला. केतन पास झाला असता तरच स्नेहलला कॉलेज मिळणार होतं, त्याला पाडून तिचंच नुकसान होतं, एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही. मी जगनकाकांना जाऊन सांगितलं. काका, तुम्ही माझ्यासमोर शब्द दिला होता, ती कशाला असं करेल? काका म्हणाले, "तुमी शहरातल्या. तुमाला आमच्या घरातलं नाय कळायचं." चंद्रावतीकाकूंना सगळं कळत होतं. त्या पालेभाजीच्या जुड्या बांधत राहिल्या.

त्यानंतर स्नेहलला उजवायची घाई सुरू झाली. नोकरीवर डोळा ठेवणारी पोरगी घरात नको. महिन्याभरात उरणच्या बाजूच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलाचे वडील बघायला आले ते मुलीच्या रंगाबद्दल नाही बोलले, स्वयंपाकाबद्दल नाही. त्यांनी विचारलं, "गणितात शाळेत पहिली आली व्हती ती हीच ना?" मला हे कळलं तेव्हा मी आईला म्हटलं, बघ, एका तरी माणसाला तिच्या डोक्याची किंमत आहे. आई म्हणाली, असेल बाई. लग्न दणक्यात झालं. हळदीला अख्खा गाव लोटला, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी रात्रभर गायल्या. लग्नानंतरच्या आठवड्यात जगनकाकांनी रेशन कार्डावरून तिचं नाव रीतसर कमी करून आणलं.

केतन पुढच्या मार्चमध्ये पास झाला. गावातल्या एका क्लासला घातला होता, त्या क्लासच्या जाहिरातीत त्याचं नाव छापून आलं. नंतरच्या भरतीत गोदामात लागला. एकदा कापड बाजारात मला भेटला, खाकी गणवेशात, पोट सुटलेला. स्वतःहूनच म्हणाला, "अनुयाताई, क्लासात काय नाय कळलं. पेपराला डोळं मिटून तागडी आठवली, नि सुटलं." मी म्हटलं, हे घरी जाऊन सांगशील? तर तो चपलेकडे बघायला लागला.

स्नेहल मला थेट शहाण्णव साली भेटली. पनवेलच्या एसटी स्टँडवर उरणच्या गाडीची वाट बघत होती, आजारी आईला बघून निघाली होती. मी तोवर बँकेत लागले होते. आम्ही उसाचा रस घेतला. ती माझ्याशीही आता आमी-तुमी बोलत होती. शहरातली बोली गेली होती की तिने सोडली होती, मला विचारवलं नाही. मी विचारलं ते एवढंच, सासरी तुझ्या गणिताचं कौतुक आहे ना?

"कौतुक?" ती म्हणाली, आणि मग तिने सांगितलं.

लग्नाची पूजा आटोपली, पाहुणे पांगले, आणि सासऱ्यांनी तिच्यापुढे बीजगणिताचं पुस्तक आणून ठेवलं. आमचंच पाठ्यपुस्तक, पण त्यांच्या घरातली प्रत. मागची उत्तरांची पानं बोटांनी काळी झालेली. तिचा दीर आनंदा दोनदा गणितात नापास झाला होता, आणि त्यांच्याकडेही असाच एक दाखला होता. "म्हनून तर तुला केली सून," सासरे मोकळेपणाने म्हणाले. वाईट माणूस नव्हता, ती म्हणाली. नांगराला बैल बघून आणतात तशी बघून आणली होती, त्यात लपवायचं काय?

तिने पुस्तक उघडलंच नाही. "मला येत नाय," म्हणाली. सगळे हसले, नवी नवरी लाजते म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग सासऱ्यांनी जगनकाकांना बोलावणं धाडलं. काका आले. ओटीवर पंचाईत बसली. सासरे म्हणाले, "व्याही, तुमी तर पोरगी हुशार बोललात. आमाला फसवलंत काय?"

"बाबा माज्याकडं बघत व्हतं," स्नेहल म्हणाली. "मला वाटलं, बोलतील, तिला शिकवायचा कंटाळा आला आसंल, राहू द्या. एवढंच बोलायचं व्हतं."

पण व्याह्यासमोर फसवणूक केल्याचा बट्टा कोण लावून घेणार? जगनकाका म्हणाले, "हुशार हाय. पन तिच्या हाती पोराला देऊ नका. आमच्या केतनला हिनंच उलटं शिकवून पाडला."

सगळे तिच्याकडे वळले. सासऱ्यांनी विचारलं, "खरं हाय?"

"व्हय," ती म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

पुस्तक त्याच दिवशी माळ्यावर गेलं. त्यानंतर कोणी तिला गणित सोडव म्हटलं नाही. कोणी तिच्या हाती दुधाचं पातेलंही बरेच दिवस विश्वासाने दिलं नाही. सासू लहान मुलांना तिच्यापाशी ठेवत नसे. रोडपालीचा आळ आता उरणच्या बाजूलाही पोचला, आणि तोही तिच्या स्वतःच्या तोंडून. आनंदा तेवढा अजून नापासच होता.

माझा रस तसाच राहिला होता. मी म्हटलं, "अगं पण जे केलं नाहीस ते कबूल कशाला केलंस? नाही म्हणायचंस ना ठणकावून!"

"नाय बोलली असती तर पुस्तक घेऊन बसायला लागलं असतं," ती म्हणाली. "आनंदा पास झाला असता का त्याच्या मागं त्याचा धाकटा हाय. त्याच्या मागं चुलत सासऱ्याचा पोरगा. सगळ्यांनाच दहावी व्हायचं हाय."

उरणची गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. तिने पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"अनू, मला तुला एकच सांगायचं हाय. चार महिनं माज्या हातात व्हतं. एक चिन्ह बदलून शिकवलं असतं तरी पुरलं असतं. मला जमलं नाय गो तवा." तिने पदराने तोंड पुसलं. "शिकवायलाच पायजे व्हतं उलटं. निदान खोटं तरी बोलावं लागलं नसतं."

कंडक्टरने घंटी दिली. ती चढली. खिडकीजवळची जागा तिला मिळाली नव्हती, ती उभीच होती.